टेडीची मान का पडते?

भगिनींनो, या वेळी जळगावच्या एका वाचक भगिनीचे पत्र समोर ठेवून लिहीत आहे. पत्र चार पानी आहे आणि अक्षर घाईचे आहे. ही ताई घरी पायाच्या मशीनवर परकर, झबली, उशांचे अभ्रे शिवते, पावसाळ्याआधी गोधड्यांना दोरे घालून देते. नवरा जिनिंगमध्ये हंगामी कामावर. मुलीने बाजारात टेडी पाहून हट्ट धरला, तेव्हा ताईने शेजारणीकडचा एक फाटका टेडी मागून आणला, उसवला, तुकडे वर्तमानपत्रावर ठेवून आखले आणि तसाच दुसरा शिवला. गल्लीतल्या बायांनी तो पाहिला. बघता बघता बारा टेडी झाले आणि एकेक १८० रुपयांना गेला.

दीड महिन्यात त्यांतले पाच परत आले. दोघांची मान पडली होती. एकाची शिलाई काखेत उसवली होती. एक टेडी कुणीतरी धुतला, तर तो चार दिवस वाळेना आणि त्याला कुबट वास सुटला. पाचवा टेडी धडधाकट होता, पण त्याला एकच डोळा होता. दुसरा डोळा, म्हणजे काळे बटण, नऊ महिन्यांच्या बाळाच्या तोंडात सापडले. आईने वेळीच बोट घालून काढले म्हणून बरे. "ताई, तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. हे काम सोडून देऊ का?" असे पत्राच्या शेवटी विचारले आहे.

सोडू नका. ज्या बाईने शिकवणीशिवाय, नुसते उसवून, बारा टेडी उभे केले तिचा हात चांगला आहे. चुकले आहे ते टेडीचे शास्त्र, आणि ते शिकता येते. गोधडी आणि टेडी या दोन्ही शिवणकामातल्याच गोष्टी, पण गोधडी सपाट असते आणि तिच्यातले कापड दोऱ्यांनी जागच्या जागी बांधलेले असते. टेडीच्या पोटातला माल मोकळा असतो. तो आतून कापडाला ढकलतो आणि लेकरू बाहेरून ओढते. या दोन्हींच्या मध्ये बिचारी एकच टीप असते.

थोडे या अस्वलाच्या जन्माविषयी सांगते, कारण त्यात आपल्यासारख्या बायांचा हात आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात अस्वलाच्या शिकारीला गेले होते. शिकारीचा वाटाड्या होल्ट कोलियर नावाचा कृष्णवर्णीय शिकारी होता. तो गुलाम म्हणून जन्मला होता आणि त्या जंगलात त्याच्या तोडीचा माणूस नव्हता. त्यानेच अस्वल पकडून झाडाला बांधले. बांधलेल्या जनावराला गोळी घालायला रूझवेल्टनी नकार दिला, त्यावर वर्तमानपत्रात व्यंगचित्र आले आणि टेडी हे अध्यक्षांचे लाडके नाव अस्वलाला चिकटले. जखमी अस्वलाला त्यांच्याच सांगण्यावरून सुरीने मारण्यात आले, हे मात्र गोष्ट सांगताना बहुतेक जण गाळतात, आणि कोलियरचे नावही गाळतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलीन भागात गोळ्या-चॉकलेटचे दुकान चालवणाऱ्या मॉरिस मिचटम यांनी ते चित्र पाहिले आणि त्यांच्या पत्नी रोझ यांनी घरी बसून कापडाचे अस्वल शिवले. ते दुकानाच्या काचेत ठेवले आणि मागणी सुरू झाली. पुढे त्यातून मोठा कारखाना झाला.

त्याच सुमारास जर्मनीत मार्गारेट श्टाइफ यांच्या कारखान्यातही अस्वल तयार झाले. मार्गारेटचा जन्म १८४७ चा. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, पाय गेले, उजव्या हातातही जोर राहिला नाही. शिवणयंत्र उलटे फिरवून ती डाव्या हाताने चाक चालवीत असे, असे तिच्याबद्दल सांगतात. १८८० साली तिने टाचण्या खोचायला नमद्याचा छोटा हत्ती शिवला. बायांनी तो टाचण्यांसाठी घेतला आणि पोरांनी खेळायला पळवला. तिचा धंदा तिथून वाढला. तिचा पुतण्या रिशार्ड याने हातपाय हलणारे अस्वल बेतले आणि १९०३ च्या लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने त्याचे ३,००० नग मागवले. त्या काळच्या अस्वलांच्या पोटात कापूस नसे, लाकडाचा बारीक लांबट किस ठासून भरलेला असे. म्हणूनच ती शंभर वर्षांनंतरही ताठ बसलेली दिसतात.

आता पत्राकडे वळू. ताईने लिहिले नाही, पण एक गोष्ट मला तिच्या सासूबाईंच्या वाक्यावरून कळली. पहिला टेडी पाहून त्या म्हणाल्या, "हाई काय अस्वल शे? हाई ते कुत्रं शे!" हे होते कारण डोके दोनच तुकड्यांचे बेतलेले असते. दोन सपाट तुकडे जोडले की तोंड चपटे होते आणि भरताना लांबट होत जाते. अस्वलाच्या डोक्याला तीन तुकडे लागतात: दोन गालांचे आणि मधून नाकापासून मानेच्या मागपर्यंत जाणारी एक पट्टी. ही पट्टी नाकाशी अरुंद, कपाळावर रुंद आणि मागे पुन्हा निमुळती असते. पट्टी कपाळावर जितकी रुंद तितके डोके गोल. हा एक तुकडा वाढवला की सासूबाईंची तक्रार मिटेल.

कापड फरचे असेल तर आधी तळहात फिरवून लव कोणत्या बाजूला झोपते ते पाहावे आणि उलट्या बाजूने खडूने बाण काढावा. सगळ्या तुकड्यांची लव डोक्याकडून पायाकडे यायला हवी. नाहीतर एक हात चकचकीत आणि दुसरा विस्कटलेला दिसतो. फर दुहेरी घडी करून कधीही बेतू नये. एकेरी कापडावर उलट्या बाजूने आखावे आणि डाव्या हाताचा तुकडा झाला की कागद उलटा करून उजव्याचा आखावा. कापताना कात्रीचे फक्त टोक चालवावे, म्हणजे मागचे कापड कापले जाईल आणि लव शाबूत राहील. पूर्ण पाते चालवले तर शिवणीच्या जागी टक्कल पडते. हे काम अंगणात करावे, कारण तंतू उडतात, आणि नाकाला रुमाल बांधावा. घरात तान्हे मूल असेल तर कापलेली कडा लगेच झटकून केर गोळा करावा.

शिवणकामात कडेला सोडलेल्या कापडाला आपण माया म्हणतो, आणि ताईने माया फार कमी ठेवली असावी. फरला आणि सुटणाऱ्या कापडाला निदान एक सेंटीमीटर माया हवी. जुन्या साडीचा किंवा सुती कापडाचा टेडी करायचा तर कापड आधी धुऊन आकसून घ्यावे आणि आतून दुसरे अस्तर लावून दोन्ही मिळून एक समजून शिवावे, कारण वापरलेले कापड ताणाला फाटते. मशीनवर टाका बारीक ठेवावा. काखेत, मानेला आणि दोन पायांच्या मध्ये टीप दोनदा मारावी. दुसरी टीप पहिलीच्या अगदी अंगावर, मायेच्या बाजूला. हाताने शिवणाऱ्या बहिणींनी गोधडीचा धावदोरा इथे अजिबात वापरू नये. धावदोऱ्यात दोन टाक्यांच्या मध्ये फट राहते आणि दाब आला की ती उघडते. उलटटीप घालावी, म्हणजे सुई प्रत्येक वेळी मागे येऊन पुढे जाते. दोरा पॉलिस्टरचा, दुहेरी आणि मेण लावलेला असावा. वळणावर मायेला खाचा द्याव्यात, पण टिपेच्या दोन-तीन सूत अलीकडेच थांबावे. ताईचा काखेतला टेडी मला वाटते खाच टिपेपर्यंत गेल्यामुळेच उसवला.

भरण्यासाठी जे तोंड मोकळे ठेवायचे ते पाठीच्या सरळ भागात, चार बोटे रुंद. बऱ्याच बाया ते बगलेत किंवा पायाच्या टोकाला ठेवतात. तिथे कापड वळणाचे असते आणि बंद केल्यावर सुरकुती राहते. तुकडा सुलटा करताना कात्रीचे टोक आत घालू नये, पळीचा दांडा घालावा.

आता भरण. इथे मी जरा थांबणार आहे, कारण पत्रातला खरा घोटाळा इथेच आहे आणि तो आपल्या खान्देशाचा घोटाळा आहे. आपल्याकडे कापूस दारात आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला आणि खान्देशच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला एकदम भाव आला. तेव्हापासून जळगाव-धुळ्याकडे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाढत गेले, जळगावला, धुळ्याला आणि अमळनेरला कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. त्या गिरण्यांचे भोंगे आता थांबले, पण हंगामात कापसाने भरलेल्या गाड्या आजही जिनिंगच्या दारात उभ्या असतात. तेव्हा टेडीच्या पोटात घालायला पैसे देऊन फायबर कशाला आणायचे, असे वाटणे साहजिक आहे. ताईने नवऱ्याला सांगून फरदडीचा कवडी कापूस आणला, उन्हात टाकला, हाताने सरकी काढली आणि भरला.

त्यात तीन गोष्टी बिघडल्या. हाताने सगळी सरकी निघत नाही. एखादी राहते आणि तिच्या तेलाचा डाग कापडावर येतो, शिवाय उंदराला वास लागतो. दुसरे म्हणजे फरदडीच्या आणि कवडी कापसात गुलाबी बोंडअळी दडून बसलेली असते, सरकीच्या आत सुद्धा. लेकराच्या कुशीत असा कापूस द्यायचा नसतो. तिसरे, न पिंजलेल्या कापसाचे गोळे राहतात. आज हाताला भरल्यासारखे वाटते आणि महिनाभर लेकराने मिठी मारली की गोळे दबून खाली जातात.

म्हणून कापूस भरायचाच तर जिनिंगमधून निघालेली स्वच्छ रुई घ्यावी आणि ती पिंजाऱ्याकडून पिंजून आणावी. पिंजलेल्या कापसाचा टेडी वजनदार, ठाम आणि सुरेख बसतो. फळीवर ठेवायच्या, थोड्या मोठ्या मुलांच्या टेडीला मला तो फायबरपेक्षा आवडतो. पण कापूस पाणी पितो आणि सोडत नाही. धुतलेला टेडी चार दिवस वाळला नाही, वास आला, त्याचे कारण हेच. ज्यांना कापूसच भरायचा आहे त्यांनी आत सुती कापडाची वेगळी पिशवी करावी आणि पाठीला चेन न लावता नुसती कच्ची टीप ठेवावी. धुवायच्या वेळी टीप उसवून पिशवी बाहेर काढता येते. ताठ चेन आणि तिचा खिळा लहान मुलाच्या अंगाला टोचतो.

दूध-लाळ सांडणाऱ्या लेकरांसाठी पॉलिस्टर फायबरच घ्यावे. दुकानात त्याला नुसते फायबर किंवा रेक्रॉन म्हणतात. ते धुता येते, रात्रीतून वाळते आणि त्यात कीड लागत नाही. फूटभर टेडीला साधारण पाव किलोच्या आसपास लागते. पहिला टेडी भरण्याआधी आणि नंतर पिशवी वजन करून पाहावी, म्हणजे आपल्या हाताचा हिशेब कळतो. सावरीचा कापूस हलका असतो, पूर्वी परदेशातही अस्वलांत भरीत, पण तो बारीक उडतो आणि नाकात जातो, म्हणून घरात लहान मूल असेल तर नको. बाजरी, तांदूळ, वाळू हे टेडी बसता राहावा म्हणून बुडाशी घालतात. कापड फाटले की दाणे तोंडात जातात, आणि दाण्यांना कीड लागते ती वेगळीच. विकायच्या टेडीत जुन्या उशीचा माल कधीही नको, आणि दवाखान्यातल्या गादीचा तर घरच्या टेडीतही नको.

फायबरची मूठ जशीच्या तशी कोंबू नये. बोटांनी विस्कटून, धुनकीतून निघाल्यासारखे मोकळे करून, लिंबाएवढा पुंजका घ्यावा आणि आधीच्या पुंजक्याच्या पोटात खुपसावा. नवा पुंजका शेजारी ठेवला की गोळा होतो. मधोमध खुपसला की आधीचा बाजूला सरकतो आणि कापडाला आतून चिकटतो. पहिल्यांदा नाक भरावे, अगदी दगडासारखे. मग गाल, मग कपाळ. पंजे आधी आणि हात नंतर. अंगठ्याने दाबून सोडले की खड्डा लगेच वर यायला हवा.

आणि मान. ताई, मान कापडामुळे पडत नाही आणि दोऱ्यामुळेही नाही. तुम्ही डोके भरले, मग धड भरले, आणि दोन्हींच्या मध्ये मानेत पोकळी राहिली. भरताना ती दिसत नाही. चार दिवसांनी धडातले भरण खाली बसते, डोक्यातले वर राहते आणि मान बिजागरीसारखी वाकते. डोके पाऊण भरून झाले की मानेतून हाताच्या बोटाएवढा जाड, फायबर पिळून केलेला लांब गुंडा घालावा. अर्धा डोक्यात आणि अर्धा छातीत. त्याच्या भोवतीने भरत भरत खाली यावे. गुंड्याऐवजी सुती कापडाची घट्ट वळकटी सुद्धा चालते. काडी किंवा तार मात्र कधीही घालू नये. तार दोन महिन्यांत कापड फोडून बाहेर येते. मान हातात धरून टेडी आडवा केला आणि डोके खाली झुकले नाही, तर मान बसली असे समजावे. मग रात्रभर तसाच तोंड उघडे ठेवून बाजूला ठेवावा. सकाळी भरण बसलेले दिसते. दोन-चार पुंजके वर घालावे आणि मगच तोंड शिवावे.

तोंड बंद करताना दोन्ही कडा आत दुमडाव्यात. सुई एका कडेच्या घडीतून थोडी चालवावी, मग समोरच्या कडेच्या घडीतून तितकीच, अशी शिडीसारखी. चार-पाच टाके झाले की दोरा ओढावा, म्हणजे कडा मिटतात आणि टाका आत जातो. शेवटी गाठ मारून सुई पोटातून आरपार काढावी, दोरा ताणून कापडाशी कापावा. टोक आत गडप होते. हा टाका शिकायला दहा मिनिटे लागतात आणि तो आला की माल घरचा वाटत नाही.

ताईने लिहिले आहे की मान पडायला लागल्यावर तिने सगळ्यांना लाल रिबिन बांधली. हे तर मुळीच करू नका. तान्ह्या लेकराच्या हाताशी लांब रिबिन म्हणजे गळ्याशी फास. रिबिन हवी असेल तर आखूड घ्या आणि मागून टाके घालून अंगालाच शिवून टाका.

डोळ्यांविषयी माझे मत कडक आहे. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या टेडीला बटण, मणी, टिकली, प्लास्टिकचा डोळा यांपैकी काहीही नको. भरतकामाचे डोळे करावेत. खडूने गोल काढून काळ्या दोऱ्याने भरीव टाक्याने भरावा आणि वर पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका घालावा. नजर जिवंत होते. नाक आणि तोंडही दोऱ्यानेच. डोळे डोके भरून झाल्यावर आखावेत, आधी नाही, कारण भरल्यावर कापड सरकते आणि टेडी तिरळा होतो. मोठ्या मुलांसाठी बटण लावायचे तर लांब सुईने डोके आरपार करून दुसऱ्या डोळ्याशी ओढून बांधावे.

खेळण्यांच्या प्रयोगशाळेत अशा डोळ्याला ९० न्यूटन जोराने ओढून पाहतात. आपल्या भाषेत ते नऊ किलो, म्हणजे भरत आलेल्या बादलीइतके वजन. सुमारे ३ सेंटीमीटर व्यासाच्या नळकांड्यात जी वस्तू पूर्ण मावते ती लेकराच्या घशात अडकू शकते असे धरतात. परकराचे बटण त्यात आरामात मावते. घरी यंत्र नसले तरी पकडीने डोळा धरून पूर्ण जोराने ओढून पाहता येते. हलला तर पुन्हा बांधायचा.

दुसरी एक सवय लावून घ्या. कामाला बसताना टाचण्या मोजून काढा, उठताना मोजून ठेवा. एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत टेडी बंद करू नका. मोडलेल्या सुईचेही दोन्ही तुकडे सापडले पाहिजेत. फरच्या लवेत टाचणी दिसत नाही आणि ती टोचते लेकराच्या गालाला.

आता पैशाचे. पत्रात खर्चाचे आकडे आहेत. कापड ८० रुपये, भरण आणि दोरा मिळून ६० रुपये, म्हणजे १४० रुपये. वेळ तीन तास. विक्री १८०. म्हणजे तीन तासांच्या कामाचे ४० रुपये, तासाला साडेतेरा रुपये सुद्धा नाहीत. ताई लिहिते, "एका टेडीमागं ४० रुपये सुटले." सुटले नाहीत, बाई. ती तुमची मजुरी आहे, आणि शेतात निंदायला गेला असता तरी यापेक्षा जास्त मिळाली असती. आपण बाया घरात बसून केलेल्या तासांना तासच समजत नाही. वहीत माल एका बाजूला आणि वेळ दुसऱ्या बाजूला लिहा. तासाचे ५० रुपये धरले तर या टेडीची किंमत २९० होते. इतक्याला गल्लीत जाणार नाही हे मलाही माहीत आहे. कारखान्याचा टेडी बाजारात स्वस्त मिळतो आणि आकाराने त्याच्याशी बरोबरी करता येत नाही. म्हणून टेडी लहान करा, वीतभर. सहा नगांचे तुकडे एकदम बेता, एकदम शिवा, एकदम भरा. वेळ निम्म्यावर येतो. दुसरे काम दुरुस्तीचे. ज्या घरात एक टेडी आहे त्या घरात एक उसवलेला टेडी आहे. मान बसवून देणे, भरण बदलून देणे, डोळे भरतकामाचे करून देणे, यात माल जवळजवळ लागत नाही आणि हात तुमचा तयार आहे.

बाजारच्या टेडीसारखाच करायचा हट्ट नको. आपल्या सातपुड्यातले अस्वल तपकिरी नसते. ते काळे, झिपरे, फिकट तोंडाचे आणि छातीवर पांढऱ्या खुणेचे असते, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या. त्याची मादी पिलांना पाठीवर घेऊन फिरते. काळ्या फरचे अस्वल, छातीवर पांढऱ्या कापडाची खूण आणि पाठीला शिवलेले पिलू, असे काही दुकानात मिळत नाही. थोरांना दरवेशी अस्वल घेऊन यायचा ते आठवत असेल. नाकात वेसण घालून नाचवायचे आणि त्याचा केस ताईतात घालून विकायचे. ताईताने कोणाचा ताप उतरला नाही, पण अस्वलाचे नाक मात्र फाटले. तो खेळ कायद्याने बंद झाला.

विकणाऱ्या बहिणींनी एक नियम माहीत करून घ्यावा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे, कापडी खेळण्यांवरही. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या मालाला त्यातून सूट आहे. म्हणून गल्लीबाहेर, जत्रेत किंवा दुकानात माल ठेवण्याआधी कारागीर ओळखपत्र काढून घ्यावे. दंड आपल्याला परवडणारा नाही. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत पारंपरिक बाहुली-खेळणी बनवणारे आणि शिंपी हे दोन्ही व्यवसाय आहेत. प्रशिक्षणाच्या दिवसांना ५०० रुपये रोज, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात ५ टक्के व्याजाने एक लाखापर्यंत कर्ज अशी ती योजना आहे. घरातल्या एकालाच मिळते. नोंदणी चालू आहे का ते जवळच्या सेवा केंद्रात विचारावे. ग्रामीण भागातल्या बहिणींसाठी जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत कापडी खेळण्यांचा वर्ग विनामूल्य असतो. तो कधी लागणार आहे ते फोन करून नव्हे, जाऊन विचारावे. फोनवर नेहमी "पुढच्या महिन्यात" असे सांगतात.

राहिले ते बारा टेडी. ताई, परत आलेले पाच तुमच्याकडे आहेत, बाकीचे सात गल्लीतच आहेत. ते सातही आजच मागून आणा, लाज वाटू देऊ नका. सगळ्यांची बटणे कापा आणि डोळे दोऱ्याने भरा. रिबिनी काढा. ज्या घरांत तान्हे मूल आहे त्यांचा कापूस काढून फायबर भरा, बाकीच्यांचा कापूस पिंजून घेता येईल. पाठीची टीप उसवली की भरण एका झटक्यात बाहेर येते. रिकामे कापड साबणाच्या पाण्यात बुडवून लव खाली करून सावलीत वाळवा, उन्हात फर कडक होते. मानेत गुंडा घाला, रात्रभर ठेवा, सकाळी शिडीच्या टाक्याने शिवा. काखेतला जो उसवला आहे त्याला आतून सुती कापडाची एक पट्टी लावा आणि मग टीप मारा, नाहीतर खाच पुन्हा फाटेल. काम चार दिवसांचे आहे. त्याचे पैसे घेऊ नका, पण वहीत तास मात्र लिहून ठेवा.